भुताच्या सिनेमाचं शेपूट

कर्जत-खालापूरकडे जायचं म्हटलं की लोक धबधबे विचारतात, माथेरानची छोटी गाडी चालू आहे का विचारतात, भाकरी चांगली कुठे मिळते ते विचारतात. भाकरीचं मी सांगेन. बाकी निसर्गवर्णनाच्या आशेने आला असाल तर आधीच सावध करते. मी त्या भागात दोन दिवस काढले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन, आणि माझी नजर त्या डब्यावरून फारशी हलली नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतली. मी तेव्हा पुण्यात एका कचेरीत टायपिस्ट होते आणि रिकाम्या वेळात जुने भुताचे सिनेमे जमवत होते. सिनेमे म्हणजे खरीखुरी रिळं, पोस्टरं, गाण्यांच्या चोपड्या, जे हाती लागेल ते. आमचे विनायकराव येईल त्याला सांगायचे, लोकांच्या बायका साड्या जमवतात, आमच्या घरात हडळी आहेत. गंमत म्हणजे ते स्वतः रविवारी भंगारवाल्यांकडे माझ्याबरोबर यायचे आणि डबे उचलायचे.

त्या जानेवारीत कुंभिवलीहून एक पोस्टकार्ड आलं. पाठवणारे गोविंदबाबा. एकेकाळी खालापूर तालुक्यात जत्रेजत्रेला तंबू ठोकून सिनेमे दाखवायचे, म्हणून गावात त्यांना गोविंद मशीनवाला म्हणत. अक्षर त्यांच्या सुनेचं, सुमनचं होतं, पण शब्द सगळे म्हाताऱ्याचे. तिने जसं ऐकलं तसं लिहिलं होतं:

“आमच्या पोरानं तुमाला पेटी विकली तवा मी दवाखान्यात होतो. शेवटच्या रिळाला जे शेपूट जोडलेलं हाय त्यात आमची मंडळी हाय. तिचा दुसरा फोटो नाय. मला काचबिंदू झालाय. डाक्टर म्हणतो पावसाळ्यापर्यंत दिसंल तेवढं दिसंल. शेपूट घेऊन या. तुमच्या सिनेमाचा खरा शेवट माझ्यापाशी हाय, तो तुमी न्या.”

मी ते कार्ड दोनदा वाचलं. ते शेपूट मी कापून टाकलं होतं.

आता हे शेपूट म्हणजे काय ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी गोविंदबाबांच्या मुलाकडून एका सिनेमाची पेटी घेतली होती. सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगूनही तुम्हाला माहीत नसणार. पन्नासच्या दशकातला काळापांढरा हिंदी सिनेमा. डोंगरावरची हवेली, वादळ, मेणबत्ती घेऊन जिना चढणारी बाई, डोळे हलवणारं तैलचित्र, सगळा सरंजाम. मी आठ वर्षांची असताना वडील खालापूरच्या कचेरीत कारकून होते, आणि हा सिनेमा मी तिथेच, तंबूत, वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता. तो तंबू गोविंदबाबांचाच. पुढे मोठेपणी याच सिनेमाची चोपडी मिळाली. त्या चोपड्यांची रीत अशी, की गोष्ट अगदी दारापर्यंत आणायची आणि मग छापायचं, ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा.’ मला आठवत होतं ते इतकंच, की हवेलीचा दरवाजा करकरायला लागतो आणि एकदम कुठल्याशा देवीची आरती सुरू होते. हा काही भुताच्या सिनेमाचा शेवट नव्हे, एवढं मला कळत होतं.

पेटी घरी आल्यावर शेवटचं रीळ उघडलं, तर खरंच पुढे देवी. कुठल्या तरी पौराणिकाचा तुकडा डकवलाय, असं समजून मी तो ब्लेडने उडवला. तेव्हा माझा सोवळेपणा फार कडक होता. सिनेमा कसा, जसा बनला तसा हवा. असे आगंतुक तुकडे मी आणखीही रिळांतून काढले होते आणि सगळे एका बिस्किटांच्या डब्यात टाकले होते. त्यातलेच काही मी माझ्या भाचीला, मंजूला, तिच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी दिले होते. तिला खोक्याचा बाइस्कोप करायचा होता, आणि तिने फर्माईश केली होती, मावशी, चेहरा स्पष्ट हवा. मी डबा चाळून, एका बाईचा चांगला स्पष्ट चेहरा बघून, वीतभर फीत कापून दिली होती. कुठल्या गुंडाळीतून, ते आता काही केल्या आठवेना.

पोस्टकार्ड आल्यावर डबा पालथा केला. दोन गुंडाळ्यांत देवी होत्या, पण त्या स्टुडिओतल्या, पुठ्ठ्याच्या ढगांवर उभ्या. तिसरी गुंडाळी दोन पावसाळ्यांत चिकटून वडी झाली होती. बाहेरच्या वेढ्यात एक खरं देऊळ दिसत होतं आणि बांगड्या भरलेला एक हात. आत चेहरा आहे की नाही ते उलगडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उलगडायला गेलं की फाटणार होतं. विनायक म्हणाले, लिहून टाक, सापडलं नाही. मी म्हटलं, तसं लिहिता येत नाही हो. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती, ती धरून मी निघाले.

पुण्याहून सकाळची पॅसेंजर. डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर. जुन्या फितीला सडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. आमच्या मंडळींत या वासाला सगळे घाबरतात, कारण एकदा तो सुटला की माघार नाही. लोणावळ्यानंतर समोरच्या बाईंनी नाक आक्रसून मला सांगितलं, तुमचं लोणचं नासलंय. मी हो म्हटलं. भुताचा सिनेमा आणि एका परक्या माणसाची बायको आहे, असं कुठे सांगत बसू? घाटात डावीकडे दरी उघडली, बोगद्यामागून बोगदे आले, आणि डबा अंधारातून जाताना मी दर वेळी त्यावर हात ठेवत होते. उगाचच. अंधार त्याला बाधत नाही, उन्हाचीच भीती.

बोगद्यातल्या अंधारात बसून एक प्रश्न मीच मला विचारत होते, जो मला सगळे विचारतात. हे भुताचे सिनेमे कशाला जमवायचे? आमचा पुण्यात चारपाच जणांचा कंपू होता. एक गृहस्थ फक्त जिन्यांची चित्रं असलेली पोस्टरं घेत. एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना वटवाघळं आवडत, विशेषतः ज्यांचा दोरा दिसतो ती. घाबरायला आम्ही कुणीच जात नव्हतो. मला वाटतं, आम्हाला त्या भीतीमागची मेहनत आवडायची. कोळिष्टकं डिंकाची, वीज कडाडते ती पत्रा हलवून, धुकं कुणी तरी बादलीत करतंय. आपल्याला भिववायला एवढी माणसं खपली, हे बघून बरं वाटतं. घरच्या काळज्यांसाठी कुणी इतकं नटत नाही. त्या येतात त्या तशाच, दिवसाउजेडी, पोस्टकार्डावर.

कर्जतला उतरल्यावर वडा खाल्ला. गाडीला घाटाची इंजिनं जोडतात आणि काढतात, तेवढ्या वेळात अर्धा फलाट वडे खाऊन घेतो, तो रिवाज तेव्हाही होता. तिथून खोपोलीची गाडी मिळते, पण मला कुंभिवली गाठायची होती, म्हणून एसटीने चौक आणि चौकला महामार्गावर दुसरी गाडी. भात कापून झालेलं, मळ्यांत वाल टरारलेला, हवा कोरडी. एसटीचा रस्ता मात्र असा की प्रत्येक खड्ड्याला माझा जीव डब्यात. कुंभिवली म्हणजे तेव्हा रस्त्याकडेचं गाव, ट्रकवाल्यांची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, नुकतेच आलेले एकदोन कारखाने, आणि त्यांच्या मागे जुनी घरं. मशीनवाला विचारल्यावर पंक्चरवाल्याने टायर हातात धरूनच वाट दाखवली.

गोविंदबाबा ओटीवर बसले होते. सत्तरीचे, काटकुळे, डोळ्यांवर जाड भिंगं. माझी चाहूल लागताच म्हणाले, “आलीस का बाय? वास आला मला.” मग त्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, गुंडाळी हातात धरली आणि अंगठ्याने कडेची भोकं चाचपली.  

“हीच हाय,” ते म्हणाले. “पण आवळून बसलीय.”

सुमनने जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. भाकरीचं सांगेन म्हटलं होतं, तर ही ती भाकरी, आणि तशी पुन्हा मला कुठे मिळालेली नाही, हॉटेलात तर नाहीच. सुमनचा नवरा टेंपोवर असायचा, त्या आठवड्यात नाशिककडे होता. पेटी विकल्याचं त्याला फार लागलं होतं, असं तिने मला चुलीपाशी हळूच सांगितलं. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली होती. भंगार म्हणून त्याने जे विकलं त्यात ती होती, हे त्याला नंतर कळलं. सुमनने तर सासूला, म्हणजे अनसूयाबाईंना, पाहिलेलंच नव्हतं. गावातल्या बायका तिला सांगत, अनसूयेसारखी चालतेस, आणि अनसूया कशी चालायची ते तिला कुणी करून दाखवू शकत नव्हतं.

जेवणानंतर बाबांनी शेपटाची कथा सांगितली. भुताचा सिनेमा लावला की तंबू भरायचा, पण संपल्यावर माणसं उठायचीच नाहीत. घरं लांब, वाट शेतातली, मधे चिंच, ओढा, मसणवटा. हा हवेलीचा सिनेमा पहिल्यांदा लावला तेव्हा त्याच्या खऱ्या शेवटाने अशी गाळण उडवली की अर्धा तंबू उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पाटलांनी बजावलं की पुन्हा भूत आणाल तर माणसं घरी पोचवायची जबाबदारी तुमची. तेव्हापासून बाबांनी रीतच पाडली. भुताच्या सिनेमाचा शेवट कापायचा आणि त्याजागी देवाचं शेपूट लावायचं. प्रेक्षक चपला काढून उभे राहायचे, पडद्याला हात जोडायचे आणि निर्धास्त घरी जायचे. आसपासचे तंबूवालेही मग तेच करू लागले. म्हणजे माझ्या डब्यातले सगळे आगंतुक तुकडे हे लोकांना घरी पोचवणारे होते, आणि मी ते कचरा म्हणून वेगळे काढले होते.

पण त्यांचं स्वतःचं शेपूट विकतच्या पौराणिकाचं नव्हतं. एकदा घाटाखाली कुठल्या तरी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. चित्रीकरणवाल्यांना विजेचं इंजिन कमी पडलं, ते बाबांनी आपल्या तंबूचं दिलं. मोबदल्यात बाबांनी एकच मागणं घातलं, आमच्या गावदेवीचं पाऊण मिनिट काढून द्या. कॅमेऱ्याच्या मदतनिसाने उरलेल्या फितीवर काढून दिलं, मुंबईहून धुऊन-छापून पाठवलं. पुजारी कॅमेऱ्याला भ्यायला, म्हणून आरतीचं ताट अनसूयाबाईंनी धरलं.

“म्हंजे तालुक्यात जेवढी माणसं भुताला भ्याली,” बाबा म्हणाले, “तेवढी आमच्या मंडळींच्या पाठनं घरी गेली.”

मीही गेले होते. वडिलांच्या खांद्यावर, झोपेने जड झालेली, अजिबात न भिता. हे मला त्या ओटीवर बसल्याबसल्या आठवलं आणि लाजेने माझे कान तापले.

संध्याकाळच्या आत बाबांनी गुंडाळीचा उपचार सुरू केला. मोठ्या डब्यात तळाला ओलं फडकं, त्यावर गव्हाची चाळण, चाळणीवर गुंडाळी, कडेला कापराची वडी, आणि झाकण घट्ट. रातभर दम खाऊ द्यायचा, म्हणाले. बिर्याणी आणि फीत दोन्ही दमावरच सुटतात. मी हसले, पण सबंध रात्र मला तेच दिसत होतं, की सकाळी झाकण उघडलं आणि आत नुसता चिकट लगदा आहे.

तसं झालं नाही. सकाळी दारातल्या उन्हापासून हातभर आत बसून त्यांनी फीत उलगडायला घेतली. डोळ्यांनी त्यांना हातातलं काहीच दिसत नव्हतं. मोठं आणि उजेडातलं तेवढं धूसर दिसायचं. सगळं काम बोटांचं. एक वेढा सुटला की सुमन तो धुतलेल्या लुगड्यावर झेलायची. कुठे चर्र आवाज झाला की आम्ही तिघं श्वास धरायचो. बारकीशी पापुद्र्याची साल उठली एकदोनदा, पण फीत सुटत होती. निम्मी झाली आणि त्यांच्या हातातलं टोक संपलं.

“दोन तुकडे कसे गं झाले?” ते म्हणाले. “मी तर सलग दिली होती.”

बाइस्कोपची ती वीतभर फीत क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आली. कुठून कापली होती ते आता कळलं.

“तुटलं असेल,” मी म्हटलं.

 तुटलेल्या टोकावरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. चाळीस वर्षं फिती जोडलेला माणूस. तुटलेलं आणि ब्लेडने कापलेलं यातला फरक त्या अंगठ्याला कळत नसेल, असं मानायला मीही काही कुक्कुलं बाळ नव्हते. तरी गप्प राहिले. एवढ्या वर्षांत इतकं नामुष्कीचं गप्प बसणं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

नऊच्या एसटीने आम्ही तिघं खोपोलीला निघालो. बाबांनी त्यांच्याकडचा खरा शेवट पितळी डब्यात घेतला होता, मी आणलेलं शेपूट सुमनच्या मांडीवर. खोपोलीत शिरताना वीजकेंद्राचे डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ दिसतात, कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, आणि वर घाटात ट्रकांची रांग. तिथल्या एका टॉकीजमध्ये मशीनवर राजाराम होता, बाबांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतः पन्नाशीचा. बाराच्या खेळाआधी पाच मिनिटं मशीन देतो, म्हणाला होता. मालकाला त्याने काय सांगितलं होतं, देव जाणे.

राजारामने दोन्ही फिती उजेडात धरल्या आणि तोंड वाकडं केलं. फीत आटलीय, भोकं मशीनच्या दातांवर बसणार नाहीत, मधेच अडकली तर गेली. बाबांनी विचारलं, एकदा तरी जाईल ना? एकदा जाईल, तो म्हणाला, दुसऱ्यांदाचं नाव काढू नका. मग त्याने आधी सिनेमाचा शेवट आणि त्याला शेपूट, असं जोडलं. शेपटाचे दोन तुकडेही सांधले. सांधताना त्याने माझ्याकडे पाहिलं. कापलेली टोकं त्यालाही कळली होती.

रिकाम्या टॉकीजात आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो. बाबांना तिथूनच दिसलं असतं. खाली बिडीची थोटकं, वर पंखे बंद.  पंचवीस वर्षं मी ज्या शेवटाची वाट बघत होते तो आता येणार होता, आणि खरं सांगते, मला तो लवकर संपायला हवा होता.

आला. हवेलीचा दरवाजा करकरला, उघडला. धुकं. मेणबत्ती हवेत आपोआप पुढे सरकत येते, सरळ आपल्याकडे, आणि विझते. काळा पडदा. बस, एवढंच. ‘समाप्त’सुद्धा नाही. आज विचार करते तेव्हा कळतं की फार धीट शेवट होता, कारण भूत सिनेमातून निघून थेट तंबूत येतं. त्या क्षणी मात्र मी फक्त यंत्राचा आवाज ऐकत होते.

मग काळोखातून देऊळ उजळलं. कौलारू, ठेंगणं, दारात झेंडूची माळ. फीत थरथरत होती, चित्र वर-खाली उडत होतं, पण चालत होती. ताट आलं. बांगड्या आल्या. मग नऊवारीतली एक सावळी, उंच बाई देवीपुढून वळली. ती चालत पुढे आली, आणि माझ्या शेजारी सुमन एकदम ताठ झाली. डावा पाय किंचित बाहेर टाकत चालायची अनसूयाबाई. सुमन अगदी तशीच चालायची, मी दोन दिवस पाहत होते.

“थांबवा ना जरा,” सुमन म्हणाली. “बाबा, सांगा ना त्यांना.”

“थांबवलं की जळतं गं,” बाबा म्हणाले. “दिव्यापुढनं चालतीय तवरच ती हाय.”

अनसूयाबाईंनी मान वर केली. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला गेली, ओठ हलायला लागले, आणि चित्राने उडी मारली. पुढच्या क्षणी त्या पुन्हा देवीकडे वळत होत्या. ताट फिरलं, ज्योत फिरली, पडदा पांढरा झाला. वर राजारामने खट्कन दिवा झाकला.

बाबा पडद्याकडेच तोंड करून होते. “हितं ती हसायची,” ते म्हणाले. “मी कॅमेऱ्याच्या बाजूला उबा होतो. माझ्याकडं बघून हसायची.”

आता लपवणं शक्यच नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. तुटलं नव्हतं, मी कापलं होतं, एका लहान मुलीच्या खेळण्यासाठी, कुणाचा चेहरा आहे याचा विचारही न करता, आणि सकाळी खोटं बोलले होते.  सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला फार लागलं.

बाबा म्हणाले, “ज्यानं हा सिनेमा काढला त्यानं बी मरमर करूनच शेवट काढला आसंल. मी कच्चकन कापला. तवा माझा हात थरथरला नाय.” मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला. “आपुन दोघं बी कापणारेच की, बाय. पण मी कापलेलं जपून ठेवलं हां. तू बघ, सापडतंय का.”

राजारामने फीत उतरवली तेव्हा शेपटाची भोकं जागोजाग फाटली होती. पुन्हा ती कुठल्याच मशीनवर चढणार नव्हती. सुमनने ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. पितळी डबा बाबांनी माझ्या हातात दिला, ठरल्याप्रमाणे. मी तो परत करू पाहिला, तर म्हणाले, शब्द म्हंजे शब्द. खोपोलीच्या नाक्यावर चहा घेऊन आम्ही निरोप घेतला. निघताना सुमनने माझ्या पिशवीत वालाच्या शेंगांची पुडी टाकली, न बोलता. तेवढ्यानेही मला हायसं वाटलं.

पुण्याची एसटी बोरघाट चढताना इंजिन तापून दोनदा थांबली. घाटातल्या देवळापाशी ड्रायव्हरने नाणं टाकलं, प्रवाशांनी हात जोडले. मी खिडकीतून खाली खोपोली बघत होते आणि मनात एकच गणित घोळवत होते. शाळेचं प्रदर्शन होऊन दोन वर्षं झाली. मंजूचं घर त्यानंतर एकदा बदललं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, दर दिवाळीला सगळी अडगळ बाहेर काढते.

स्वारगेटला उतरून मी घरी न जाता तशीच बहिणीकडे गेले. मंजूने आधी आठवायला वेळ लावला, मग म्हणाली, खोकं तर फेकलं. माझा चेहरा पाहून ती घाबरली असावी. मग म्हणाली, भिंग काढून ठेवलंय मात्र. तिचं भिंग म्हणजे उडालेला बल्ब, आतलं काढून पाणी भरलेला. तो कपाटात एका मोज्यात होता. आणि मोज्याच्या तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, ती फीत. तेरा चित्रं होती, कडेची दोन मुडपलेली. मी ती खिडकीत धरली. पहिल्या चित्रात ओठ मिटलेले, आणि तेराव्यापर्यंत सगळं तोंड हसत होतं, एका माणसाकडे बघून.

दुसऱ्या सकाळी मंजूने मला नवं खोकं करून दिलं. बुटांचं खोकं, पुढे भोकात बल्ब, मागे फितीसाठी चीर, आणि बाहेर आरसा धरून ऊन आत सोडायचं. फीत उलटी घालायची, म्हणजे भिंतीवर सुलटी दिसते. खोली अंधारी केली आणि अनसूयाबाई बहिणीच्या घराच्या भिंतीवर हातभर मोठ्या होऊन हसल्या. मी आरसा धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. फीत जागची हलत नव्हती, आणि जळतही नव्हती.

पुढच्याच रविवारी विनायक आणि मी ते खोकं कुंभिवलीला पोचवून आलो. ओटीच्या आतल्या भिंतीला सुमनने चुन्याचा हात दिला होता. बाबांनी भिंतीपासून वीतभर अंतरावर बसून पाहिलं. काय म्हणाले ते लिहिणार नाही, ते माझ्याशी बोलत नव्हते.

माझ्याकडे आता तो सिनेमा अख्खा आहे, खऱ्या शेवटासकट. कंपूतल्या मंडळींनी फार कौतुक केलं, डॉक्टरीणबाईंनी तर डोळ्यांत पाणी आणलं. पण हाताने रीळ फिरवत मेणबत्तीपर्यंत आले की त्यापुढे नुसती काळी फीत लागते, आणि मी उठून दिवा लावते. एवढे भुताचे सिनेमे जमवले, त्यांत भीती वाटते ती या एकाचीच. बाकीच्या तंबूवाल्यांची शेपटं मी डब्यातून काढून ज्याच्या त्याच्या रिळाला परत जोडली.

त्या पावसाळ्यानंतर सुमनची कार्डं येत राहिली, दर दोनतीन महिन्यांनी एखादं. एक माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. “बाबांना आता भिंत दिसत नाय,” तिने लिहिलंय. “पण सकाळी ऊन आलं का खोकं लावायला सांगतात. लावलं का मंग इचारतात, हसली का. मी भिंतीकडं बघून मगच हो म्हणते.”